पटाची जोडी आणि घरची बंडी

आमच्या आदिलाबादेत नवी गाडी दारात आली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली गेली, की पेढा तोंडात असतानाच पहिला प्रश्न येतो: "पिकअप कसा आहे?" ब्रेक कसे आहेत, आजीला मागच्या सीटवर चढता येतं का, डिकीत दोन पोती मावतात का, हे कोणी विचारत नाही. सहा महिने जातात. मग तीच गाडी चहाच्या टपरीसमोर लावून तिचा मालक मान हलवतो: "गाडी तशी भारी आहे, पण ओढूनच नाही राहिली." पंधरा-अठरा लाखांची गाडी. थंड हवा, सहा एअरबॅगा, छताला काच. आणि तिच्यावरचा शेवटचा शेरा काय, तर दम नाही!

हा शेरा मी इतक्या तोंडून ऐकलाय की आता मला माणसांपेक्षा गाड्यांची कीव येते. बोलतोय ते क्रेटा, सेल्टोस, ग्रँड व्हिटारा, एलिव्हेट, टायगुन या जातीच्या, मधल्या आकाराच्या घरगुती गाड्यांबद्दल. आपण त्यांना थोड्या फुशारकीनं एसयूव्ही म्हणतो. सांगाडा मोटारीचाच, फक्त उंच केलेला. बहुतेकींत इंजिनाची ताकद पुढच्या दोन चाकांपुरती. घरातली पाच माणसं सुखरूप नेऊन आणावीत यासाठी बनवलेली वस्तू. तिला आपण शर्यतीच्या मैदानात उभं केलं आहे आणि ती मागं पडते म्हणून तिलाच बोल लावतो आहोत.

फिर्यादी पक्षाचं म्हणणं आधी नीट मांडतो, म्हणजे मागाहून कोणी कुरकुरायला नको. एक: गाडीची लायकी शून्यावरून शंभरावर जायला लागणाऱ्या सेकंदांत असते. दोन: आपल्या रस्त्यांवर ट्रक-ट्रॅक्टरच्या मागून सुटायचं तर पिकअप हवाच, ती चैन नव्हे, जिवाची हमी आहे. तीन: इंजिनात दम असतो, पण मायलेज आणि प्रदूषणाच्या नावाखाली कंपनी त्याचा गळा आवळून ठेवते, रिमॅप केला की मोकळा होतो. चार: रिमॅपचं धाडस नसेल तर फिल्टर, सायलेन्सर, पॅडलचा डबा, महागडं पेट्रोल असे सोपे उपाय आहेत. आणि पाच: उरलासुरला दम इथेनॉलनं खाल्ला. पाचही गोष्टी ठाम आवाजात सांगितल्या जातात. आता त्यातली एकेक उचलून उन्हात धरू.

शून्य ते शंभर. ह्युंदाईच्या म्हणण्यानुसार टर्बो पेट्रोल क्रेटा ८.९ सेकंदांत शंभर गाठते आणि विजेवरची क्रेटा ७.९ सेकंदांत. बिनटर्बोच्या दीड लिटर पेट्रोल गाड्या त्याच कामाला अकरा ते तेरा सेकंद घेतात. आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण ते सपाट, कोरड्या, रिकाम्या ट्रॅकवर, गाडीत एखाददुसरं माणूस बसवून काढलेले असतात. इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे, तिथं असे आकडे शोभतात. आदिलाबाद जिल्ह्यात तुम्ही थांबलेल्या गाडीतून थेट शंभरावर कुठं जाता? गुडीहतनूरच्या चौकातून? इच्चोड्याच्या बाजारातून? बेल्याच्या रस्त्यावरून? पुष्कळ विचार केल्यावर मला एकच जागा सापडली: राष्ट्रीय महामार्ग ४४ वरचा टोलनाका. पिप्पलवाड्याला फास्टॅग वाचला गेला, दांडा वर झाला, पुढं मोकळा चौपदरी रस्ता. नंतर तीच संधी थेट नेरडीगोंड्याजवळ, रोलमामड्याच्या नाक्यावर. म्हणजे टोल गेल्याचा राग काढण्यापुरता हा आठ-नऊ सेकंदांचा पराक्रम!

विदर्भात बैलजोड्यांच्या शर्यतींचा शंकरपट भरतो, आणि पेनगंगेच्या या काठावरही त्याचे शौकीन कमी नाहीत. पटाची जोडी सेकंदांवर मोजतात. सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यावरून निकाल फिरतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या तेव्हा केवढी हळहळ झाली, आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारे कायदे ग्राह्य धरले तेव्हा केवढा जल्लोष! पण पट पाहून घरी आलेल्या कुठल्या शेतकऱ्यानं आजवर आपल्या वखराच्या बैलाला "तुझा सेकंद कमी पडतो" म्हणून शिव्या दिल्या? पटाचा बैल वेगळा पोसतात, त्याच्या खांद्यावर कापसाची बंडी कोणी ठेवत नाही. घरच्या बैलाचं कौतुक वेगळ्या गोष्टीसाठी: तो चिखलात रुतत नाही, चढावर मान टाकत नाही, पोराच्या हातात कासरा दिला तरी बिथरत नाही. आमच्याकडचा मराठी माणूस बैलगाडीला बंडी म्हणतो. तेलुगू माणूस मोटारसायकलीपासून मोटारीपर्यंत सगळ्यालाच बंडी म्हणतो. शब्द एकच आहे. मग बैलांच्या बंडीपुढं असलेली अक्कल इंजिनाच्या बंडीपुढं कुठं जाते?

शिवाय त्या बंडीत आपण काय काय भरतो, तेही बघा. गाडीचं स्वतःचं वजन साडेबाराशे किलोच्या घरात. एकटा माणूस बसला तर एकूण तेराशे वीस. पाच माणसं आणि पन्नास-साठ किलो सामान टाकलं तर साडेसोळाशेच्या वर. ओझं चौथ्या हिश्श्यानं वाढलं, म्हणजे वेग पकडायची ताकद पाचव्या हिश्श्यानं घटली. बारा सेकंदांचे पंधरा झाले. यात कंपनीचा काय दोष? आणि एवढ्यावर थांबेल तर तो आपला माणूस कसला! पुढं लोखंडी गार्ड बसवायचं (केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं होतं, तरी), वर कॅरिअर, बाजूला पायऱ्या, आणि कंपनीच्या चाकांच्या जागी एक इंच मोठी, रुंद, वजनदार अलॉय. टायरचा घेर तीन टक्क्यांनी वाढला, तर रस्त्यावर पडणारी ओढ त्याच मापानं कमी होते; चाक जड झालं की ते फिरवायलाही जास्त जोर लागतो. म्हणजे आपल्याच हातानं बैलाच्या पायात लोढणं अडकवायचं आणि मग पंचायतीत तक्रार घेऊन जायचं: बैल मंद आहे.

आता दुसरा मुद्दा, आणि फिर्यादींचं खरं बळ यातच आहे असं त्यांना वाटतं. ओव्हरटेक. "मामा, शून्य ते शंभर सोडा, पण ट्रेलरच्या मागून निघायला तर दम पाहिजे ना?" असं माझा भाचाच मला म्हणाला होता. त्याच्या गाडीत आम्ही गुडीहतनूरहून इंद्रवेल्लीमार्गे उटनूरला चाललो होतो. दुपदरी, वळणावळणाचा रस्ता. पुढं कापसाची ट्रॉली. दिवस पुसाचे, केसलापूरच्या नागोबा जत्रेकडे निघालेल्या बैलगाड्याही मधूनमधून. भाचा ट्रॉलीमागून बाहेर निघायचा, पॅडल दाबायचा, गाडी घुंघुं करत सरकायची, समोरून काहीतरी यायचं, तो परत आत यायचा. तिसऱ्या खेपेला त्यानं स्टिअरिंगवर हात आपटला: "पाहिलं? ओढूनच नाही राहिली!" मी त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. गाडी पाचव्या गिअरमध्ये होती. तीनही वेळा पाचव्याच.

इथं थोडं गणित करतो. कंटाळा आला तरी वाचा, कारण सगळं भांडण याच चार ओळींत मिटतं. बिनटर्बोच्या क्रेटाचं इंजिन ११५ हॉर्सपॉवरचं, पण ते ११५ मिळतात ६३०० आरपीएमला. १४४ न्यूटन मीटर टॉर्क मिळतो तोही ४५०० ला. ताशी साठच्या वेगात पाचव्या गिअरला अशा गाडीचा काटा १९०० च्या आसपास असतो. तिथं इंजिन जेमतेम ३५ हॉर्सपॉवर देऊ शकतं, पॅडल तळाला टेकवलं तरी. त्याच वेगात तिसरा गिअर टाका: काटा ३३०० वर, आणि हाताशी ६५ च्या वर. ताकद जवळजवळ दुप्पट झाली. खर्च किती? शून्य. वेळ किती? अर्धा सेकंद. आपल्याकडे ड्रायव्हिंग शिकवणारा पहिल्याच आठवड्यात सांगतो, "चाळीसला चौथा टाका, मायलेज येतं." ते डोक्यात इतकं घट्ट बसतं की माणूस आयुष्यभर २५०० च्या वर काटा जाऊ देत नाही. २५०० ला हे इंजिन ५० हॉर्सपॉवरही देत नाही. पैसे मोजले ११५ चे, वापरले ५०, आणि फसवलं कोणी, तर कंपनीनं! याला काय म्हणायचं?

ऑटोमॅटिकवाल्यांनी हसू नये. पॅडल पुरतं खाली दाबलं की गिअरबॉक्स स्वतः गिअर उतरवतो. पण पॅडल खरोखर तळाला टेकवलेली किती माणसं मला दाखवाल? इंजिनाचा आवाज वाढला की आपल्या छातीत धस्स होतं, पाय उचलला जातो, आणि घरी येऊन सांगायचं की गिअरबॉक्स मठ्ठ आहे.

पुढं जाऊ. साठच्या वेगात चाललेल्या अठरा मीटरच्या ट्रेलरला मागं टाकायचं, दोन्हीकडं वीस-वीस मीटर अंतर राखायचं. पाच माणसं भरलेल्या अशा गाडीला पाचव्या गिअरमध्ये त्याला ढोबळमानानं चौदा सेकंद लागतील, तिसऱ्यात दहा. इंजिनाची ताकद दहा टक्क्यांनी वाढवली तर त्या दहातला वाचतो जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद. म्हणजे डाव्या हातानं वाचतात चार, पैशानं वाचतो अर्धा. आता समोरून ताशी ऐंशीनं येणारी गाडी धरा. त्या दहा सेकंदांत तुम्ही दोघं मिळून साडेचारशे मीटरहून जास्त रस्ता खाता. प्रश्न पिकअपचा नाही. प्रश्न असा आहे की तुम्हाला पुढचे साडेचारशे मीटर दिसत आहेत का? उटनूरच्या वळणांवर, महबूब घाटात, कोरपन्याकडे जाताना उभ्या पिकात हरवणाऱ्या रस्त्यावर ते दिसत नसतील, तर ८.९ सेकंदांची गाडी तुम्हाला वाचवणार नाही. ती फक्त तुम्हाला त्या वळणावर लवकर पोचवेल. आणि हो, असा ओव्हरटेक संपेपर्यंत तुमचा काटा शंभरावर गेलेला असतो. २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला १०० ची मुभा आहे. अशा दुपदरीवर ७०.

जिवाची हमी म्हणे! रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीत २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यांतले ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात मांडलेले आहेत. पिकअप कमी पडला म्हणून मेलेल्यांचा रकाना त्या अहवालात नाही. जिवाचीच एवढी काळजी असेल, तर नवी गाडी पाहायला येणाऱ्यांपैकी एकानं तरी विचारावं: शंभरावरून शून्यावर किती मीटरात येते? शंभरऐवजी एकशेवीसनं चालणाऱ्या गाडीत ४४ टक्के जास्त ऊर्जा असते, आणि ती सगळी त्या चार बशीएवढ्या ब्रेकच्या तबकड्यांना जिरवायची असते. पेढा खाताना हा प्रश्न कोणाच्या तोंडी आलेला मी ऐकलेला नाही.

आणि घाई कसली असते, तेही मोजू. आदिलाबाद ते हैदराबाद तीनशे किलोमीटर. वाटेत चाळीस वेळा साठवरून शंभरावर जावं लागलं, आणि दमदार गाडीनं दर वेळी पूर्ण दोन सेकंद वाचवले, असं धरू. एकूण बचत ऐंशी सेकंद. इच्चोड्याला चहा प्यायला थांबलात, आणि चहावाल्यानं दूध उतू जाऊ दिलं, की हिशेब उलटा. या ऐंशी सेकंदांसाठी माणसं चाळीस-पन्नास हजार रुपये मोजायला तयार होतात!

आला मग तिसरा मुद्दा: कंपनीनं गळा आवळलाय. ही कल्पना आपल्या लोकांना फार आवडते, कारण तिच्यात कट आहे. इंजिनाच्या संगणकात काहीतरी दडवून ठेवलंय, लॅपटॉपवाला येतो, वायर जोडतो, आणि कैदी सुटतो. बिनटर्बो पेट्रोल इंजिनात सोडायला कैदीच नसतो. जेवढी हवा इंजिन स्वतः ओढतं तेवढाच त्याचा दम. संगणकात कितीही बोटं फिरवली तरी हाती चिमूटभर लागतं. टर्बो इंजिनात, विशेषतः डिझेलमध्ये, रिमॅपनं ताकद वाढते, एवढं मी मान्य करतो. पण ती येते कुठून? टर्बोचा दाब वाढवून, डिझेल जास्त ओतून. क्लच, गिअरबॉक्स, पिस्टन, टर्बोची बेअरिंगं ठरावीक टॉर्क धरून केलेली असतात. त्यांना कोणी विचारतं का? बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. जास्त डिझेल म्हणजे जास्त काजळी. वॉरंटी गेली, आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण. ज्याला तुम्ही गळा आवळणं म्हणता, ते ४५ अंशांच्या उन्हात, भेसळीच्या शंकेच्या इंधनावर, दीड लाख किलोमीटर गाडी चालावी म्हणून ठेवलेलं राखीव धान्य आहे. पेरणीचं बियाणं दळून भाकरी केली, की भाकरी मोठी होतेच. पुढच्या वर्षी काय पेरणार?

चौथा मुद्दा किरकोळ, पण बाजार त्याचाच मोठा. माझ्या भाच्यानं ट्रॉलीच्या त्या अनुभवानंतर काय केलं असेल? गिअर उतरवायला शिकला? छे. नागपूरच्या एका दुकानातून पॅडलचा डबा घेऊन आला, हजारो रुपयांचा. पॅडल आणि संगणक यांच्यामध्ये तो बसतो आणि एकच काम करतो: तुम्ही पाय चाळीस टक्के दाबला की संगणकाला सांगतो, सत्तर दाबलाय. गाडी पहिल्या स्पर्शाला उसळते, मालक खूश. पण पाय तळाला टेकवला, की डब्यासह आणि डब्याशिवाय मिळतं तेवढंच. हा चमत्कार पाय थोडा जास्त दाबून फुकटात होत होता. "मामा, पण फरक जाणवून राहिला ना!" जाणवणारच बाबा. पावशेराच्या मापावर अर्धा शेर लिहिलं, तर भाव उतरल्यासारखा वाटतोच.

सायलेन्सर बदलला की वाढतो तो आवाज; कानाला वाटतं वेग वाढला. त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणारे महाभागही आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तेल लावलेल्या कापडी एअर फिल्टरची तीच कथा. आमच्याकडं काळ्या मातीची धूळ, आणि कापसाच्या हंगामात जिनिंगजवळ उडणारे सरकीचे तंतू. अशा ठिकाणी जास्त हवा सोडणारा फिल्टर जास्त कचराही सोडतो, त्यावरचं तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलं तर वेगळंच. कंपनीचा दोन-चारशे रुपयांचा कागदी फिल्टर वेळेवर बदलला असता तर? पण त्यात मिरवण्यासारखं काय आहे! महाग पेट्रोलचं म्हणाल, तर इंडियन ऑइलचं एक्सपी-१०० डिसेंबर २०२० पासून काही शहरांत मिळतं. ऑक्टेनचा आकडा इंधनाचा जोर सांगत नाही. अवेळी पेट घ्यायला ते किती विरोध करतं, एवढंच सांगतो. जे इंजिन त्यासाठी बेतलेलंच नाही, त्याला ते पाजणं म्हणजे वखराच्या बैलाला बदाम चारणं. बैल नाही म्हणणार नाही. वखर तेवढाच चालेल.

पाचवा मुद्दा इथेनॉलचा. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते; वीस टक्के मिसळलं की लिटरमागं सहा-सात टक्के घट. म्हणून मायलेज पडतं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांची काळजीही खोटी नाही. ते भांडण जरूर भांडा, मी तुमच्यासोबत येतो. पण पिकअपचा त्याच्याशी काय संबंध? संगणक मिश्रण ओळखतो आणि थोडं जास्त इंधन ओततो. तुमच्या खिशातून जातं, चाकाला मिळतं तेवढंच. उलट ज्यानं दम खरंच कमी होतो, त्याचं नाव कोणी घेत नाही: हवा. आदिलाबाद म्हणजे मे महिन्यात ४५ अंशांची भट्टी, आणि डिसेंबर-जानेवारीत पाच अंशांच्या खालीही उतरणारा, तेलंगणातला सगळ्यात कडाक्याचा गारठा. पाच अंशांची हवा ४५ अंशांच्या हवेपेक्षा सातव्या हिश्श्यानं दाट असते. तीच गाडी, तेच पेट्रोल, तोच रस्ता. पुसात इंजिनाला पोटभर हवा मिळते, वैशाखात अर्धपोटी धावावं लागतं, वर एसीचं ओझं. मे महिन्यात गाडी मंद वाटली तर इथेनॉलच्या नावानं खडे फोडण्याआधी थर्मामीटर पाहावा.

मग दम वाढवायचाच नाही का? वाढवायचा. पण ज्या वाटेनं वाढतो त्या वाटेनं.

पहिली वाट विकत घेतानाची. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह एकट्यानं, रिकाम्या रस्त्यावर, एसी बंद ठेवून करू नका. आई-वडील, बायको, पोरं, सगळ्यांना कोंबा, एसी पूर्ण सोडा, आणि एखादा चढ गाठा. नेहमीच भरगच्च गाडी घेऊन घाट चढायचा असेल तर दीड लिटर टर्बो पेट्रोल घ्या, १५०० आरपीएमपासूनच २५० न्यूटन मीटरच्या घरात टॉर्क देणारं. किंवा डिझेल घ्या, तेही तसंच. दोन लाख वाचवायला साधं इंजिन घ्यायचं आणि मग पन्नास हजार घालून ते टर्बो असल्यासारखं वागावं अशी अपेक्षा करायची, याला काटकसर म्हणत नाहीत.

दुसरी वाट वंगणाची. टायरमध्ये दारावरच्या चिठ्ठीवर लिहिलेली हवा, भरगच्च गाडीला त्यातला जास्तीचा आकडा. फिल्टर, प्लग वेळेवर. चिखलातून आल्यावर एखादं चाक वाजवीपेक्षा गरम लागतंय का, म्हणजे ब्रेक चिकटलेला नाही ना, ते पाहणं. चढावर आरपीएम वाढतो आणि वेग तिथंच राहतो? क्लच संपलाय. डिझेल गाडीचा दम एकाएकी गेला? टर्बोच्या रबरी नळीला चीर पडली असेल, नाहीतर गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरवून डीपीएफ तुंबला असेल. मग महामार्गावर अर्धा-पाऊण तास एका लयीत पळवा. हे सगळं मिस्त्री सांगतो. पण त्यात डबा नसतो, स्टिकर नसतो, म्हणून आपल्याला ऐकू येत नाही.

तिसरी वाट ओझ्याची: गार्ड काढा, कॅरिअर उतरवा, कंपनीची चाकं परत लावा. आणि चौथी डाव्या हाताची. ट्रॉलीच्या मागून निघायच्या आधी, बाहेर आल्यावर नव्हे, दोन गिअर उतरवा. रस्ता दिसत असेल तर पॅडल तळाला. दिसत नसेल तर थांबा. चाळीस हॉर्सपॉवरहून कमी ताकदीच्या मारुती ८०० मध्ये पाच माणसं कोंबून याच महबूब घाटातून आपल्या वडिलांनी आपल्याला नेलंय. त्यांनी कधी दमाची तक्रार केली? त्यांना माहीत होतं की चढ यायच्या आधी गिअर उतरवायचा असतो. त्यांच्या वडिलांनाही माहीत होतं: चढ आला की आसाला वंगण आहे ना ते पाहायचं, बंडीतली धडधाकट माणसं खाली उतरवायची, कासरा आवळून धरायचा आणि बैलांना लय धरू द्यायची. तुतारीची आर टोचून बंडी चढत नाही, बैल बिथरतात, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

आपण मात्र तिसऱ्या पिढीत येऊन फक्त आर विकत घेतो आहोत. कधी पॅडलच्या डब्याच्या रूपात, कधी लॅपटॉपवाल्याच्या, कधी सायलेन्सरच्या. म्हणून पुन्हा एकदा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो: तुमच्या गाडीत दम कमी नाही. तिच्यात ११५ हॉर्सपॉवर आहेत आणि तुम्ही त्यांतले निम्मेही कधी मागितले नाहीत. तिच्यावर ओझं तुम्ही टाकलंय, तिच्या टायरमधली हवा तुम्ही विसरलाय, तिचा गिअर तुम्ही उतरवत नाही, आणि न दिसणाऱ्या वळणावर ट्रेलरच्या पुढं जायचा हट्टही तुमचाच आहे. पटाची जोडी हवी असेल तर पटाची जोडी पोसा, तिचा खर्च करा, तिला मैदानात न्या. घरच्या बंडीला पटात उतरवून हरल्याचं दुःख टपरीवर सांगत बसू नका.

भाच्याचा डबा अजून त्याच्या गाडीत आहे. परवा उटनूरहून येताना पुन्हा पुढं ट्रॉली आली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्या डाव्या हाताकडे. गाडी तिसऱ्यात गेली, रस्ता मोकळा होता, ट्रॉली मागं पडली. "ओढली ना मामा!" तो म्हणाला. मी म्हटलं, "तिनं कधी नाही म्हटलं होतं?"